पंधरा पाडवे आणि एक खराटा

गेल्या महिन्यात तळघर आवरताना कालनिर्णयांची चळत हाती लागली. २०११ ते २०२५, मधलं एकही वर्ष गहाळ नाही. जुनी मी टाकत नाही, कारण त्यांच्या चौकटींत माझ्या बागेचा हिशेब आहे. सांगलीला आई याच चौकटींत दूध अर्धा लिटर, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवालीचे खाडे लिहायची. मी मिनिआपोलिसच्या पश्चिमेला एका उपनगरात राहते आणि लिहिते ते असं: ‘भिंतीकडचा बर्फ गेला.’ ‘सिला, पहिलं फूल.’ ‘सशाने सफरचंद सोललं, मेला.’ (मेला ही सशाला दिलेली शिवी आहे. ससा चांगला धडधाकट आहे.)

मार्च-एप्रिलची पानं ओळीने जमिनीवर मांडली. पहिल्या काही वर्षांचे एप्रिल शाईने भरलेले. खणलं, झाडलं, पेरलं, खत घातलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये नोंदी चार. बाग मात्र सुरुवातीपेक्षा तिप्पट मोठी आहे.

२०११ चा पाडवा ४ एप्रिलला होता. सांगलीत त्या सुमाराला उन्हाचे चटके बसतात, कैऱ्या धरलेल्या असतात. इथे ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना काळपट बर्फाचे ढीग आणि मध्ये माझ्या नव्या घराचं नवं, चिखलाचं अंगण. गुढी खिडकीच्या आत उभारली आणि दुपारी खुरपं घेऊन बाहेर गेले. दोन बोटं आत गेलं आणि टण्णकन वाजलं. मिनेसोटाच्या दक्षिण भागात घराचा पाया निदान ४२ इंच खोल घ्यावा असा बांधकामाचा नियम आहे, कारण जमीन तेवढी गोठू शकते असं धरून चालतात. ती वितळते वरून. वरचा थर मऊ होतो, खाली दगड तसाच, त्यामुळे पाण्याला मुरायला जागा नसते. त्या राबडीत मी आठवडाभर उत्साहाने नाचले. जूनपर्यंत त्या वाफ्याची वीट झाली होती.

फोनवर बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “अगं पण वाफसा नसताना रानात शिरलीस कशाला?”

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. पण तो पावसाळ्याचा, काळ्या रानाचा शब्द. बर्फालाही तो लागू होईल हे डोक्यात आलं नव्हतं. आता मूठभर माती घेऊन दाबते आणि अंगठ्याने टिचकी मारते. लाडू फुटला तर काम सुरू, लाडूच राहिला तर घरात जाऊन चहा. बहुतेक वर्षी एप्रिलच्या शेवटापर्यंत चहाच होतो.

त्याच वर्षी मिरच्यांचाही बळी गेला. तळघरात ट्यूबलाइटखाली फेब्रुवारीपासून वाढवलेली लवंगी मिरचीची रोपं एका लख्ख दिवशी थेट उन्हात नेऊन ठेवली. दोन तासांनी पाहते तर पानं टिश्यू पेपरसारखी पांढरी, मध्ये हिरव्या शिरा तेवढ्या उरलेल्या. घरात वाढलेल्या रोपाला खरं ऊन माहीतच नसतं. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू कोवळं ऊन, मग वारा. आठ-दहा दिवस ही ने-आण करावी लागते. संध्याकाळी ट्रे आत आणायला विसरलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

२०१२ ने फसवलं, आणि तेही पाडव्याच्याच मुहूर्तावर. त्या मार्चइतका उष्ण मार्च मिनिआपोलिसच्या नोंदींत दुसरा नाही. १७ मार्चला तापमान जवळजवळ २७ अंश सेल्सियस. २३ मार्चला पाडवा. पंधरा वर्षांत फक्त त्या एकदा गुढी अंगणात उभी राहिली आणि तिच्या पायाशी जमिनीतून उगवलेली खरी फुलं होती. फोटोत मी अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजात हसते आहे. त्या भरात मिरच्या, टोमॅटो, सगळं बाहेर लावून टाकलं. एप्रिलमध्ये दव गोठलं. सकाळी रोपं उकडलेल्या पालकासारखी काळीहिरवी लोळत होती. माझं नुकसान दोन ट्रेंचं. शेजारच्या मिशिगन राज्यात सफरचंदाचा मोहोर वेळेआधी फुलून करपला आणि त्या वर्षीचं बहुतेक पीक गेलं. टोमॅटो, मिरची, वांगी इथे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे मदर्स डेच्या आसपास लावतात. आमच्या उपनगरासारख्या मोकळ्या जागी त्याच्याही आठवडाभर नंतर. तोवर मेथी, कोथिंबीर, मुळा पेरावा. त्यांना गारठ्याचं काही वाटत नाही, उलट मेथी इतकी कोवळी मिळते की काड्याही निवडाव्या लागत नाहीत.

खराट्याचं पान २०१४ चं. आई आली होती, सहा महिन्यांसाठी. वसंतात बर्फ गेला की इथली अंगणं खरोखर बघवत नाहीत. गवतावर बुरशीची करडी चकंदळं, उंदरासारख्या व्होल नावाच्या प्राण्याने बर्फाखालून खणलेल्या नागमोडी वाटा, वाफ्यांत मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या, आणि सगळीकडे ओल्या पाचोळ्याचे थर. आईला ते सहन होईना. “लोक काय म्हणतील? पारोसं अंगण!” एका सकाळी मी कामावर असताना तिने गराजमधून खराटा काढला (तोही तिनेच पहिल्या खेपेला सुटकेसमध्ये आडवा घालून आणलेला) आणि अर्धा वाफा लख्ख केला.

शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या. या बाईला इंग्रजी येत नाही, त्या बाईला मराठी. आजींनी काही न बोलता वाकून पाचोळ्याचा एक थर उचलला आणि खालचं काहीतरी तळहातावर घेऊन आईपुढे धरलं. केसाळ, पिवळाकाळा, पाय दुमडलेला भुंगा. आई मला संध्याकाळी सांगत होती, “मला वाटलं मेलाय. पण उन्हात धरल्यावर एक पाय हलवला गं त्याने.”

ती बंबलबीची राणी असणार. वसाहतीतल्या बाकीच्या माश्या शरद ऋतूत मरतात. नवी राणी एकटीच हिवाळा काढते आणि वसंतात एकटीच नवा संसार मांडते. अशाच एका जातीला, पाठीवर गंजाचा डाग असलेल्या बंबलबीला, २०१७ मध्ये केंद्र सरकारने धोक्यातली म्हणून जाहीर केलं आणि २०१९ मध्ये मिनेसोटाने राज्याची मधमाशी. मान आणि मरण एकाच पदरात. वाळक्या पोकळ काड्यांत छोट्या रानमाश्यांची पिल्लं असतात, पाचोळ्यात पतंगांचे कोश असतात. आपण एप्रिलच्या पहिल्या उबदार रविवारी ‘स्वच्छता’ करतो तेव्हा हे सगळं पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत घालतो. तेव्हापासून वाफे मी मेपर्यंत झाडत नाही. काड्या छाटते, पण वीतभर-दोन वीत बुंधे ठेवून. रस्त्यावरून दिसणारा पुढचा कोपरा तेवढा आवरते, कारण लोक काय म्हणतील हे मलाही सुटलेलं नाही.

न झाडण्यात आळशीपणाचाही भाग आहे, नाकारत नाही. पण काही कामं वेळेवर करावीच लागतात. सफरचंदाची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड झोपेत असताना. ओकला मात्र एप्रिल ते जुलै कोयता लावायचा नाही, कारण ताज्या जखमेच्या वासाने येणारे भुंगेरे ओक विल्ट नावाचा रोग घेऊन येतात. जमीन गोठते-वितळते त्यात शरदात लावलेली रोपं मुळांसकट वर उचलली जातात, ती टाचेने परत दाबायची. आणि गुलाब उकरायचे. हे ऐकून माझ्या मावशीने मला वेड लागलंय असं ठरवलं होतं. नाजूक गुलाब इथे ऑक्टोबरमध्ये एका बाजूने मुळं सोडवून आख्खे आडवे करतात, चरात निजवतात, वर माती आणि पाचोळा. एप्रिलच्या मध्यात समाधी उकरून पुन्हा उभे. याला सगळीकडे ‘मिनेसोटा टिप’ म्हणतात. मी तीन वर्षं केलं, चौथ्या वर्षी पाठीने नकार दिला. आता थंडी सोसणारे झुडपी गुलाब लावलेत आणि कुणाला पुरत नाही.

२०१८. पाडवा १८ मार्चला, अक्षय तृतीया बरोब्बर महिन्याने, १८ एप्रिलला. गावाकडे त्या दिवशी आळी करून वेलभाज्यांचं बी टोचतात. इथे १३ ते १५ एप्रिल हिमवादळ झालं, चाळीस सेंटीमीटर बर्फ. तो एप्रिल मिनिआपोलिसचा आजवरचा सर्वांत बर्फाळ. वादळाआधी स्नोड्रॉप फुलले होते. अक्षय तृतीयेला मी आमरसाचा डबा उघडत स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका पांढऱ्या सपाट पलंगाकडे बघत बसले होते. पुढच्या आठवड्यात बर्फ उतरला तेव्हा फुलं मान टाकून चिखलात पडलेली, आणि दुपारपर्यंत एकेक करून उठून उभी. चौकटीत लिहिलंय: ‘निर्लज्ज.’

बर्फ हा शत्रू नाही हे नीट कळलं ते २०१९ ला. त्या जानेवारीत पारा उणे ३३ पर्यंत गेला. मेमध्ये शेजारच्या आजींच्या फोर्सिथियाला फुलं आली ती फक्त खालच्या गुडघाभर भागात. वर सगळ्या उघड्या काड्या, खाली पिवळा घेर, जणू झुडपाने परकर नेसलाय. बर्फाखाली जेवढ्या कळ्या होत्या तेवढ्या वाचल्या. तो घेर म्हणजे त्या रात्रीची बर्फाची उंची होती.

२०२३ ला याच बर्फाने उलटा हिशेब केला. त्या हिवाळ्यात ९० इंच पडला. सफरचंदाला जमिनीपासून तीन फूट जाळी होती. सशाने काय केलं, तर घट्ट झालेल्या बर्फावर उभं राहून जाळीच्या वरच्या फांद्या सोलल्या. वसंतात झाडाची साल माझ्या छातीच्या उंचीला गायब. पाहुण्यांना वाटायचं इथे ससे केवढे असतात!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कोणत्या भागात कोणतं झाड थंडी सोसेल याचा नवा नकाशा काढला. २०१२ च्या नकाशात ४-बी असलेला आमचा भाग आता ५-ए. लगेच पुढचा हिवाळा राज्यातला आजवरचा सर्वांत उबदार. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला आला तोवर स्नोड्रॉप फुलून संपलेही होते. नर्सरीत लोक नवी हौसेची झाडं उचलत होते. मी मिरच्या तळघरातच ठेवल्या. २०१२ चं पान मला पाठ आहे.

आता सिला. शेजारच्या आजींनी पहिल्या शरदात मूठभर कंद दिले होते. बोटभर उंचीचं, मान खाली घातलेलं, इतकं निळं फूल की चिखलात शाई सांडल्यासारखी दिसावी. त्याचे परागही निळे. मधमाश्यांच्या मागच्या पायांवर निळ्या गोळ्या दिसतात. कित्येक वर्षं माझ्या कालनिर्णयातली सर्वांत ठळक नोंद त्याची असायची. बी मुंग्या नेतात. पाच-सहा वर्षांत ते गवतात, कुंपणापलीकडे, मागच्या ओढ्याच्या काठावर पोचलं. नैर्ऋत्य रशिया आणि कॉकेशसकडचं हे फूल इथल्या रानांत पसरून देशी फुलांची जागा घेतं, असं इथले जाणकार सांगतात. खणून काढायला गेलं तर दहा कंद निघतात आणि वीस राहतात.

मिनिआपोलिसमध्ये एलॉईज बटलर या शाळाशिक्षिकेच्या पुढाकाराने १९०७ मध्ये सुरू झालेली रानफुलांची बाग आहे. देशी फुलं बघायला तिथे मी वसंतात आवर्जून जाते. दलदलीत स्कंक कॅबेज दिसतं. अळूच्या कुळातलं, फुलताना स्वतः उष्णता निर्माण करून भोवतीचा बर्फ वितळवणारं. वडी करायचा विचार मनात आणू नये. कोरड्या उतारावर ब्लडरूट असतं. एकच पान शालीसारखं लपेटून कळी वर येते, पांढरं फूल उघडतं आणि दोन दिवसांत पाकळ्या झडतात. गड्डा मोडला तर तांबडा चीक. तिथेच कळलं की इथल्या रानांत गांडुळं मुळात नव्हतीच. हिमनद्यांनंतर ही जमीन गांडुळांशिवाय घडली, आताची सगळी युरोप-आशियातून आलेली. ती रानातला पाचोळ्याचा थर खाऊन संपवतात आणि अशा फुलांचं अंथरूणच काढून घेतात. शाळेत ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ यावर पाच गुण मिळवलेल्या मला हे पचायला एक अख्खा हंगाम लागला.

आजी २०२१ ला वृद्धनिवासात गेल्या. त्यांच्या अंगणात आता नवं तरुण जोडपं आहे आणि एप्रिलमध्ये गवत पूर्ण निळं होतं. ती दोघं खूश आहेत. मी माझ्या बाजूला दर वर्षी बादलीभर सिलाचे कंद खणून काढते, आणि खिडकीखालची एक ओळ ठेवते. बियांच्या बोंडाआधी ती फुलं खुडते. एखाद्या वर्षी विसरते.

२०२६ चा पाडवा १९ मार्चला. गुढी खिडकीच्या आतच राहील. या भागात कुणी मराठी मंडळींनी नुकतं घर घेतलं असेल तर खराटा मेपर्यंत गराजमध्ये ठेवा आणि पहिल्या वर्षी काही लावू नका, फक्त काय उगवतं ते लिहून ठेवा. माझ्याकडच्या ब्लडरूटचे गड्डे हवे असतील तर ऑगस्टच्या शेवटी या, पिशवी घेऊन. सिला मात्र मागू नका, मिळणार नाही.