शिदोरी आणि वळकटी

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून निघालेल्या आगगाडीने सुमारे ३४ किलोमीटरवरील ठाणे गाठले आणि भारतात प्रवासी रेल्वेचा आरंभ झाला. त्या गाडीतील उतारूंना सामानाची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. ज्या हवेत ते गाडीत बसले, त्याच हवेत ते उतरले. आज पुण्याला गाडीत बसलेला प्रवासी तापी, नर्मदा आणि चंबळ या नद्या ओलांडून दुसऱ्या दिवशी दिल्लीस पोहोचतो. सुमारे दीड हजार किलोमीटरांच्या या वाटेवर लोकांची भाषा बदलते, जेवण बदलते आणि हवाही बदलते. म्हणून दूरच्या प्रवासाचे सामान बांधणे हे विचाराचे काम आहे.

सामान बांधणारा मनुष्य बहुधा खिडकीबाहेर पाहतो आणि आपल्या गावच्या हवेप्रमाणे कपडे काढतो. येथेच त्याची फसगत होते. त्याने तीन ठिकाणच्या हवेचा विचार करावयास हवा : निघण्याच्या गावची, वाटेवरची आणि मुक्कामाची. दिवाळीच्या सुटीचेच उदाहरण पाहावे. त्या सुमारास महाराष्ट्रातील पाऊस बहुधा सरलेला असतो आणि छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. परंतु तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतच ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात व तेथील मुख्य पाऊस पडतो. छत्री घरी ठेवून निघालेले कुटुंब चेन्नईस उतरले की भिजण्याचा प्रसंग येतो.

उन्हाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्यास 'लू' या वाऱ्याला तोंड द्यावे लागते. मे-जून महिन्यांत मैदानी प्रदेशात वाहणारा हा वारा अतिशय उष्ण व कोरडा असतो. अंगावरचा घाम तो लगेच सुकवतो; त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत आहे, हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. लहान मुले आणि वृद्ध यांना अशा वेळी उष्माघाताचा धोका असतो. यासाठी सैल, फिकट रंगाचे सुती कपडे, डोक्यास बांधण्यास पंचा आणि पिण्याचे भरपूर पाणी बरोबर असावे. पूर्वी घरोघरी प्रवासासाठी फिरकीचा तांब्या असे; आज त्याची जागा बाटलीने घेतली आहे. साखर आणि मीठ यांच्या लहान पुड्याही जवळ असाव्यात. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवले, की जुलाबाने अशक्त झालेल्यास देण्याजोगे पेय तयार होते.

मात्र उन्हाळा आहे म्हणून लोकरीचे कपडे सरसकट वगळू नयेत. कालका ते शिमला हा ९६ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग १९०३ साली सुरू झाला. त्यावरून जाणारी छोटी गाडी सुमारे १४०० मीटर उंच चढते. उंची हजार मीटरांनी वाढली, की हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. साहजिकच सकाळी कालक्यास पंख्याने वारा घेणारा प्रवासी रात्री शिमल्यास स्वेटर शोधू लागतो.

पावसाळ्यातील प्रवासाची तयारी निराळी असते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली वाहतुकीस खुला झाला. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असल्यामुळे या मार्गावर गाड्या कमी वेगाने चालवतात आणि त्यांचे वेळापत्रकही वेगळे असते. ते पाहूनच घरातून निघावे. कपडे मेणकापडात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावेत आणि एक कोरडा जोड अगदी वर ठेवावा. ओले कपडे शरीराची उष्णता ओढून घेतात. ते ताबडतोब बदलता आले पाहिजेत. लवकर वाळणारे पातळ कपडे व एक विजेरी यांचाही चांगला उपयोग होतो.

हिवाळ्यात उत्तर भारतात दाट धुके पडते. चालकास सिग्नल दुरून दिसत नाहीत, गाडी हळू चालवावी लागते आणि कधी कधी कित्येक तासांचा उशीर होतो. अशा वेळी एका वेळची जादा शिदोरी फार मोलाची ठरते. थंडीसाठी एकच जाड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन कपडे एकावर एक घालावेत. त्यांच्या थरांत कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि दुपारी ऊन पडले की एखादा थर काढूनही ठेवता येतो. साध्या शयनयान डब्यात अंथरूण-पांघरूण मिळत नाही; त्यामुळे तेथील प्रवाशाला घोंगडी आणि चादर यांची वळकटी आजही हवीच.

शिदोरीतही ऋतूचा विचार असावा. ज्या पदार्थात पाणी कमी, तो अधिक टिकतो. गूळपोळी, लाडू, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे पदार्थ प्रवासात साथ देतात. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र उन्हाळ्यात काही तासांतच आंबते. पावसाळ्यात चिवडा सादळू नये म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.

याचा अर्थ सारे घर बरोबर न्यावे असा नव्हे. शयनयानातून प्रत्येक प्रवाशास ४० किलोग्रॅम सामान विनामूल्य नेता येते; पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. परंतु खरी कसोटी स्थानकाच्या जिन्यावर लागते. जे सामान स्वतः उचलून पूल ओलांडता येत नाही, ते जास्त झाले असे समजावे. जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. औषधे, तिकीट व ओळखपत्र हाताशी असलेल्या लहान पिशवीत असावे. रॉकेल, गॅसची टाकी, फटाके यांसारख्या ज्वालाग्राही वस्तू गाडीतून नेणे हा गुन्हा आहे. धावत्या डब्यात लागलेली आग वाऱ्याने झपाट्याने पसरते आणि वाटेत पेट्या रचलेल्या असल्या, तर माणसांना बाहेर पडणेही कठीण होते.

आगगाडीचा डबा हे काही दिवसांचे सामाईक घर असते. जो विचारपूर्वक सामान बांधतो, त्याचे ओझे इतरांच्या पायांत येत नाही. धुक्यात गाडी अडकून पडली, तरी तो दुसऱ्यापुढे हात पसरत नाही; उलट शेजारच्या भुकेल्या मुलाला आपल्या शिदोरीतला लाडू देऊ शकतो. नीट बांधलेल्या सामानात अशी दुसऱ्याची सोयही बांधलेली असते.