रीसेटच्या आधी तीन प्रश्न

घरातला स्मार्ट बल्ब, प्लग किंवा कॅमेरा मोबाइलवर ‘ऑफलाइन’ दिसू लागला की पहिला हात जातो रीसेटच्या बटणाकडे. बटण दाबून धरायचं, पासवर्ड पुन्हा टाकायचा, टायमर पुन्हा लावायचे. दोन दिवस सुरळीत जातात आणि तोच बल्ब पुन्हा गायब होतो. रीसेटने उपकरणातली माहिती पुसली जाते, दोष मात्र जागच्या जागी राहतो. अनेकदा तो उपकरणात नसतोच. भिंतीत, राउटरमध्ये किंवा विजेच्या येण्याजाण्यात असतो. म्हणून बटणाला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: किती उपकरणं तुटली, कुठे तुटली आणि केव्हा तुटली.

किती?

सगळीच एकदम गेली असतील तर एकेका बल्बच्या मागे लागू नये. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर बिघाड बहुधा बाहेरच्या लाइनचा आहे. बरीच उपकरणं कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात, त्यामुळे घरातलं वायफाय शाबूत असूनही इंटरनेट गेलं की ॲप त्यांना ‘ऑफलाइन’ म्हणतं. इंटरनेट चालू असेल तर आधी राउटर बंद करून चालू करावा. जोडलेली उपकरणं वाढत गेली की साध्या राउटरचीही दमछाक होते.

राउटर नुकताच बदलला असेल तर उत्तर तिथेच आहे. नव्या राउटरला जुन्याचंच नाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच प्रकार दिला तर उपकरणं सहसा आपणहून परततात. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा-प्रकारावर ठेवला असेल तर जुनी उपकरणं जोडली जाणार नाहीत. त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ चालू ठेवावं लागतं.

कुठे?

एकच उपकरण सारखं तुटत असेल आणि ते हलवता येत असेल तर राउटरजवळ आणून दिवसभर चालवून बघावं. तिथे टिकलं, तर प्रश्न सिग्नलचा. तिथेही तुटलं, तर सेटिंगचा, वीजपुरवठ्याचा किंवा उपकरणाचा. निम्मं निदान एवढ्यानेच होतं.

आपल्या फ्लॅटमध्ये फायबरची तार बहुधा मुख्य दाराशी येते आणि राउटर तिथेच टीव्हीच्या मागे बसतो. मागच्या बेडरूमपर्यंत जाताना सिग्नलला काँक्रीटचे कॉलम, आरशाचं कपाट आणि फ्रिज ओलांडावे लागतात. भिंतीतल्या स्मार्ट स्विचची अडचण आणखी मोठी, कारण तो अनेक घरांत पत्र्याच्या बॉक्समध्ये बसवलेला असतो आणि पत्रा सिग्नल अडवतो. ॲपमध्ये सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ६० च्या आसपास असेल तर चिंता नाही. उणे ८० कडे झुकली की जोडणी तुटणारच. अशा वेळी नवा बल्ब घेण्यापेक्षा लांब केबल टाकून राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवावा.

बहुतेक स्वस्त स्मार्ट उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ढोल गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो, झांजा जवळच विरतात, तसा २.४ चा सिग्नल ५ गिगाहर्ट्झच्या तुलनेत भिंतींमधून लांब पोचतो. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल तर काही उपकरणं जोडताना गोंधळतात. २.४ ला वेगळं नाव द्यावं आणि स्मार्ट उपकरणं त्यावरच ठेवावीत.

केव्हा?

रोज संध्याकाळी तुटत असेल तर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असू शकते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. इमारतीतले बहुतेक राउटर, ब्लूटूथ, इतकंच काय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच लहरींच्या आसपास काम करतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये यांपैकी मोकळं चॅनेल शोधून ते राउटरमध्ये कायम करावं, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

ठरावीक तासांनी तुटत असेल तर संशय पत्त्यावर घ्यावा. राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी आयपी पत्ता देतो. मुदत संपताना काही उपकरणं नूतनीकरणात अडखळतात. राउटरमध्ये त्यांच्यासाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी.

लाइट जाऊन आल्यावर तुटत असेल तर कारण अगदी साधं असू शकतं. राउटरला पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. प्लग आणि बल्ब काही सेकंदांत जागे होतात, नेटवर्क शोधतात आणि काही उपकरणं तेवढ्यात प्रयत्न सोडून देतात. फायबरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घेतले की हा त्रास थांबतो.

वायफायऐवजी झिगबी या वेगळ्या बिनतारी पद्धतीने जोडलेल्या बल्बांचं आणखी एक. ते एकमेकांचे संदेश पुढे पोचवतात. कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की तो एक बल्ब तर विझतोच, शिवाय त्याच्यामार्फत जोडलेला पलीकडचा सेन्सरही तुटू शकतो. अशा बटणावर ‘बंद करू नका’ ही पट्टी चिकटवणं हा खरा तांत्रिक उपाय आहे.

हे सगळं सोयीपुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. पण पुण्यात, नाशकात एकटे राहणारे कितीतरी आईवडील आणि परदेशातली त्यांची मुलं यांच्यामध्ये आता एक कॅमेरा असतो. तो बंद दिसला की तिकडे मध्यरात्री जीव टांगणीला लागतो आणि इकडे सत्तरीतल्या माणसाला स्टुलावर चढून बटण दाबायला सांगितलं जातं. तसं सांगू नये. फोनवर आधी विचारावं: बाकीचं काय काय बंद आहे? लाइट गेली होती का? राउटरवर कुठला दिवा लागला आहे? या उत्तरांवरून बहुतेक वेळा कळतं की काम लाइनवाल्याचं आहे, इलेक्ट्रिशियनचं की राउटरच्या सेटिंगचं. वायफायचं नाव, पासवर्ड आणि लाइनवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून राउटरशेजारी लावून ठेवावा. रीसेट करायचंच झालं तर ते सगळ्यात शेवटी, आणि घरी एखादं तरुण माणूस असताना.