सातचा भोंगा

करोनाकाळात शाळा मोबाईलवर आली. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल काही मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ठरवले : संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठचा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा.

यातली खरी ताकद भोंग्यात नाही, सगळ्यांनी एकाच वेळी थांबण्यात आहे. रील पाहताना पुढे काय येईल याचा नेम नसतो. कधी कंटाळवाणे, कधी मजेदार. ही अनिश्चितताच मेंदूला ‘आणखी एक’ म्हणायला लावते. त्यात सरकत्या पडद्याला शेवटच नाही. एकट्याने मन आवरणे म्हणूनच अवघड जाते. सगळेच फोन ठेवतात, तेव्हा काही हुकल्याची हुरहुर कमी होते.

घरातही असा ‘भोंगा’ ठरवता येईल. रात्रीच्या जेवणाआधी तासभर सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. झोपताना उशाशी फोनऐवजी गजराचे घड्याळ असू द्या. सुरुवातीला चिडचिड होईल, हात आपोआप फोन शोधेल. मात्र मुलांना ‘ठेव तो मोबाईल’ म्हणताना आपल्या हातात तो नको.

झोप, अभ्यास, काम बिघडूनही थांबता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ऑनलाइन खेळांच्या अशा अनिवार सवयीला जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या यादीत स्थान दिले आहे.