एक खोली, चार इयत्ता

माझी शाळा म्हणजे एक खोली. वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि चार कोपऱ्यांत चार इयत्ता. गुरुजी एकच. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन ते चौथीच्या गणितांकडे वळत, तेव्हा दुसरीचे पाढे तिसरीतला एखादा मुलगा म्हणवून घेई. गुरुजींनी अडचणीतून काढलेली ती वाट आहे, असे आम्हाला वाटे.

पण ती वाट फार जुनी. पूर्वी देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत पंतोजींची शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात आणि थोरला धाकट्याला शिकवी. दक्षिणेतली अशीच रीत पाहून अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये पुस्तक लिहिले आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडात पोचली!

पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातली शाळा ‘झेडपीची’ झाली. एका गुरुजींवर चार वर्गांचा भार पडतो, हे ओळखून १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या व दोन शिक्षक, हे तिचे उद्दिष्ट होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले.

आता प्रश्न उलटा आहे. शिक्षक कमी होते, तिथे आज मुले कमी आहेत. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार राज्यात पुढे आला. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो, हे खरेच. एका खोलीत आमचेही पुष्कळ राहून गेले; चौथीपर्यंत मी नकाशासुद्धा धड पाहिला नव्हता.

तरी मला माझी धाकटी बहीण आठवते. शाळा हाकेच्या अंतरावर होती, म्हणून ती शिकली. ओढ्यापलीकडे असती, तर पावसाळ्यात आईने सहा वर्षांच्या पोरीला धाडलेच नसते, आणि एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरणे अवघड असते. म्हणून पट मोजताना वाटेतला ओढाही मोजावा, एवढेच माझे सांगणे आहे.