प्लेगनिवारण आणि कायदा : भास्करराव जाधव यांच्या कारकीर्दीच्या निमित्ताने

साथीच्या रोगाचा बंदोबस्त वैद्यकाच्या पदवीधराने करावा की कायद्याच्या, हा प्रश्न आज काहीसा विचित्र वाटेल. कोल्हापूर संस्थानाने मात्र प्लेगच्या साथीत प्लेग कमिशनरचे पद भास्करराव विठोजीराव जाधव (१८६७-१९५०) यांच्याकडे सोपविले. ते एम. ए., एलएल. बी. होते, वैद्य नव्हते. या नेमणुकीमागील कारणपरंपरा समजून घेण्याजोगी आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिनने शोधला होता. परंतु उंदरावरील पिसवांच्या द्वारे तो माणसापर्यंत पोहोचतो, हे सिमाँचे १८९८ मधील प्रतिपादन सर्वमान्य होण्यास पुढे बरीच वर्षे लागली. हाफकिनची लस १८९७ मध्ये नुकतीच पुढे आली होती. रामबाण औषध नव्हतेच. तेव्हा उपाय उरले ते तीन : रोग्यास वेगळे ठेवणे, वस्ती रिकामी करविणे आणि प्रवाशांची तपासणी करणे. हे तिन्ही उपाय दिसावयास आरोग्याचे असले, तरी घर, मालमत्ता, संचार आणि शरीर यांवरील माणसाच्या हक्काला ते थेट स्पर्श करतात. रिकाम्या घराची राखण कोणी करावी, रोजंदारी बुडालेल्या मजुराने शिवारातील झोपडीत खावे काय, ह्या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाच्या ग्रंथांत सापडत नाहीत.

ब्रिटिश मुलखात फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याने सरकारला अतिव्याप्त अधिकार दिले, आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अंमलदारावर दावा चालणार नाही, असेही ठरविले. लष्करी झडत्यांनी पुण्यात जो क्षोभ उसळला, त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात झाली. अधिकार होता, पण लोकांची संमती नव्हती.

कोल्हापूरची स्थिती निराळी होती. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. हुकूम संस्थानालाच काढावे लागत. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये जाधव यांना महसूल खात्यात साहाय्यक सरसुभे म्हणून घेतले होते. महसुली कारभार म्हणजे गावकामगारांशी आणि रयतेशी नित्याचा संबंध. गाव उठवावयाचे तर हुकमाची भाषा जाणणारा आणि तो हुकूम गावात कसा उतरतो हेही जाणणारा अधिकारी हवा. ती जोड येथे साधली होती.

पुढे ते कोल्हापूर नगरपालिकेचे सुपरिंटेंडेंट झाले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नंतर मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रिपदही त्यांना मिळाले. क्षेत्रे भिन्न असली, तरी सत्तेचा हुकूम आणि सामान्य माणसाचा हक्क यांचा मेळ घालण्याचा प्रश्न सर्वत्र एकच होता.

१८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा अंमलात आणला गेला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांना संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु निर्बंध सोसणाऱ्या नागरिकाला काय देणे लागते, याविषयी तो कायदा आजही जवळजवळ मौन पाळतो. आरोग्य खात्यात कायदा जाणणाऱ्याचे खरे काम त्या मौनापाशीच सुरू होते.