चुन्याशिवायचं कवच

कोंबडीचं अंडं एक-दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलंय कधी? आधी कवचावर बारीक बारीक बुडबुडे येतात, मग कवच विरघळून जातं आणि हातात उरतं एक लिबलिबीत अंडं! कारण ते कवच चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि व्हिनेगरमधलं आम्ल चुना विरघळवतं.

आर्टेमियाचं अंडं व्हिनेगरमध्ये टाकलं, तर मात्र असं काही होणार नाही. त्याच्या कवचात चुना नसतोच!

आर्टेमिया म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा जीव. तो मिठागरांत आणि खाऱ्या तळ्यांत राहतो. अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे राजस्थानातल्या सांभर सरोवरात आणि मुंबईच्या मिठागरांतही तो सापडलाय.

दिवस बरे असले, की आर्टेमियाची आई असलं टणक कवच करतच नाही. पिल्लं तिच्या पोटाजवळच्या पिशवीतच वाढतात आणि थेट पोहत बाहेर येतात. पण पाणी आटलं, खारटपणा वाढला, ऑक्सिजन कमी पडू लागला, की तिच्या कवचग्रंथी कामाला लागतात. मग प्रत्येक गर्भाला तपकिरी कवच मिळतं. संकटाची चाहूल लागल्यावरच बांधायचं घर! मला या प्राण्याची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

हे अंडं केवढं? पाव मिलिमीटरच्या आसपास. एका ग्रॅममध्ये अशी दोन-अडीच लाख अंडी मावतात. पण एवढ्याशा अंड्याच्या कवचात किती थर! सगळ्यात बाहेरचा थर टणक. तो प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मिळून बनतो, त्यात कायटिन असतं आणि हिमॅटिन नावाचं रंगद्रव्य असतं. कायटिन म्हणजे झुरळाच्या आणि कोळंबीच्या सालीतला चिवट पदार्थ. आणि हिमॅटिन? आपलं रक्त ज्याच्यामुळे लाल दिसतं, त्या लोहयुक्त द्रव्याचं ते जवळचं नातेवाईक. हिमॅटिन जास्त असेल, तर अंडं गडद तपकिरी. कमी असेल, तर फिकट. कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून गर्भाला हाच थर वाचवतो.

या टणक थराच्या आतल्या भागात बारीक पोकळ्यांची जाळी असते. कोरड्या अंड्यात त्या हवेने भरलेल्या असतात, म्हणून अंडी पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने काठाला जाऊन लागतात. त्याच्याही आत एक पातळ, पारदर्शक वेष्टण. पाणी, ऑक्सिजन असे अगदी छोटे रेणूच यातून आत-बाहेर करू शकतात. मीठसुद्धा बाहेरच अडतं!

आतला गर्भ सुमारे ४,००० पेशींचा होऊन थांबलेला असतो. त्याने ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर साठवलेली असते. पाणी निघून गेलं, तरी त्या साखरेमुळे पेशींची मोडतोड होत नाही. अंडं मात्र हवा गेलेल्या चेंडूसारखं एका बाजूने खोल दबतं. अशी वाळलेली अंडी वर्षानुवर्षं टिकतात. १९७२ साली अपोलो १६ आणि अपोलो १७ या यानांतून ती चंद्रापर्यंतच्या प्रवासालाही जाऊन आली!

याच गोतातल्या परी-कोळंब्या आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं आटलं, की त्यांची अंडीही वाळक्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहतात.

मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या पिल्लांच्या खाऊसाठी आर्टेमियाची अंडी मिळतात. घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन चिमूटभर अंडी आणा. लिटरभर पाण्यात पाच-सहा चमचे जाडं मीठ विरघळवा. पाणी नळाचं असेल, तर दिवसभर उघडं ठेवलेलं घ्या. त्यात अंडी टाका, दिव्याच्या उजेडात उबदार जागी ठेवा आणि हवेचा छोटा पंप लावा. दुसऱ्या दिवशी भिंगातून बघा. कवच तडकलेलं असेल आणि त्याच्याखाली पातळ पिशवीत लोंबकळणारं पिल्लू दिसेल. बघायला उशीर करू नका, कारण थोड्याच वेळात ते पिशवी फाडून पोहत सुटतं.