विजेचा ब्रश आणि तव्यावरची मशेरी

पुण्या-नाशिककडे नोकरी करणारी मुले सुटीत गावी येताना आई-वडिलांसाठी विजेवर चालणारा दातांचा ब्रश आणतात. पिंपळनेरसारख्या गावात मग प्रश्न निघतो, या यंत्राने दात जास्त स्वच्छ होतात का? हिरड्या तर सोलवटणार नाहीत?

हा ब्रश तसा जुनाच. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तो तयार झाला, तोही मुख्यतः हाताने नीट घासता न येणाऱ्यांसाठी. पुढे त्यावर अनेक चाचण्या झाल्या. 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये अशा ५६ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा चिकट थर सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी आढळली. फायदा आहे, पण जादू नव्हे. त्याने दात अधिक वर्षे टिकतात, असे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही.

अपाय किरकोळ व तात्पुरते आढळले. इजा होते ती बहुधा सवयीमुळे. आपण भांडे घासावे तसे दात घासतो, आणि हा ब्रशही तसाच रगडतो. तो दातावर नुसता टेकवून सावकाश पुढे न्यावा, हलण्याचे काम यंत्र करते. दाबून धरल्यास हिरड्या मागे सरतात, दात मुळाशी झिजतात आणि गार पाण्याने ठणकतात. केस मऊ असावेत, दोन मिनिटे पुरेत, दर तीन महिन्यांनी डोके बदलावे. (या डोक्याचा खर्च ब्रश घेताना कुणी मोजत नाही!) हृदयात पेसमेकर बसवलेला असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

संधिवात, कंपवात किंवा अर्धांगवायूमुळे हात चालत नसेल, तर हा ब्रश जरूर घ्यावा. धडधाकट माणसाचे काम मऊ साध्या ब्रशने व फ्लोराइडच्या पेस्टने भागते. कडुनिंबाची वा बाभळीची काडीही चालेल, पण टोक चावून मऊ करावे. कोळसा व विटकरीची पूड मात्र दातांचे कवच खरवडते.

आता मशेरी. घरात महागडा ब्रश आला तरी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजणे थांबत नाही. दात घासण्याच्या नावाखाली ती दिवसातून तीन-चारदा बोटाने हिरड्यांवर चोळली जाते. आयाबायांना वाटते, दुखणे शमते. शमते ती निकोटीनची तलफ! टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास देशात १९९२ मध्ये बंदी झाली, पण घरच्या तव्याला कायदा पोहोचत नाही. मशेरीने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, गरोदरपणी बाळाचे वजन घटू शकते. भाजल्याने तंबाखूचे विष जात नाही, आणि कोणत्याही ब्रशने ते धुऊन निघत नाही.

मशेरी लावणाऱ्याने आठवड्यातून एकदा उजेडात आरशात गालांची आतली बाजू, हिरड्या व जिभेच्या कडा पाहाव्यात. पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दुखत नसली तरी सरकारी दवाखान्यात किंवा दंतवैद्याकडे तोंड दाखवून यावे.